साठीनंतर पिशवीत ‘वूड’ वाढवा

साठी ओलांडलेल्या गोल्फरला तीन नंबरचे आयर्न सोडवत नाही, यामागे विज्ञान कमी आणि अभिमान जास्त असतो. वयाबरोबर स्नायूंचा वेग घटतो, स्विंग मंदावतो. आयर्नचे पाते पातळ; मंद फटक्यात चेंडू पुरेसा उडत नाही. मग उगाच जोर लावला जातो, पाते जमिनीत रुतते आणि धक्का मनगटात, कोपरात जातो. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात ते काही उगाच नाही.

सात नंबरच्या वूडचा कोन साधारण २१ अंश, म्हणजे जवळपास त्या आयर्नइतकाच. पण वूडच्या फुगीर डोक्याचे (नावाला लाकूड, आता सगळा धातूच) वजन खाली आणि मागे असते. चेंडू सहज उंच जातो, रुंद तळ गवतावरून घसरतो. नऊ आणि अकरा नंबरची वूडही मिळतात. नियमाने १४ क्लब चालतात. त्यांत सहा-सात वूड असली तर बिघडले कुठे? दांडा लांब, त्यामुळे दिशा सांभाळावी लागते आणि वाऱ्यात उंच चेंडू भरकटतो, हे खरे. वेज आणि पटर तर हवेतच.

‘म्हाताऱ्यांचे हत्यार’ म्हणून हसणाऱ्यांनी एवढेच पाहावे : डस्टिन जॉन्सनने २०२०ची मास्टर्स जिंकली, तेव्हा त्याच्या पिशवीत सात नंबरचे वूड होते. वय होते ३६.