पारावरचा मेजर ग्रामसभेत का नाही?

आपल्या जिल्ह्यात एखादा ‘मेजर’ नाही असं गाव विरळाच. निवृत्त झालेला असतो शिपाई, नाईक नाहीतर हवालदार म्हणून. पण पेन्शनीवर येऊन एसटीतून काळी ट्रंक उतरवली, की गाव त्याला मेजर करून टाकतं. (बढती देण्यात गावाइतका दिलदार कोणी नाही!) पहाटे उठणार, दाढी करणार, पारावर पेपर वाचणार आणि मग सिनेमा, पोरं, रस्ते, पुढारी, सगळ्यांवर मत देणार. लोक ऐकतात, ‘मेजरचं सुरू झालं’ म्हणून हसतात आणि चहा पिऊन उठतात.

कृषी पदविका घेऊन मी विस्ताराच्या कामाला लागलो, तेव्हा मीही हसायचो. आता हसत नाही.

माझ्या कामाच्या एका गावात असेच एक मेजर आहेत. युद्धाचा सिनेमा त्यांना सोसवत नाही. म्हणतात, “साहेब, पडद्यावर दर दहा मिनिटाला गोळी सुटते आणि मधी गाणं. आमची निम्मी नोकरी नुसती वाट बघण्यात गेली. वाट बघण्याचा सिनेमा कोण काढणार?” तमाशाला मात्र त्यांची ना नाही. ढोलकीवाला रात्रभर घाम गाळतो, त्याला पैसे द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. राग आहे तो डीजेवर. म्हशी बुजतात, म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते आणि पैसा गावाबाहेर जातो. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. जत्रेची वर्गणी दोन दिवसांत जमते. नाल्यातला गाळ काढायचा तर ट्रॅक्टरच्या डिझेलला दोन महिने लागतात. यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा.

कामाच्या बाबतीत तर मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं. घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासा, हे आम्ही दरवर्षी उन्हाळ्यात घसा कोरडा करून सांगतो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्यानं कोंब मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर शिफारशीप्रमाणं एकरी ३० किलो बियाणं, कमी उगवले तर त्या मानानं वाढवायचं. ऐकणारे माना डोलावतात आणि पोतं तसंच रानात नेतात. मेजर मोजतात. त्यांनी वाड्याच्या मोकळ्या जागेत पर्जन्यमापकही बसवलाय. रोज सकाळी साडेआठला वाचतात आणि वहीत लिहितात. पाऊस नसला तर ‘शून्य’ लिहितात, पण ओळ कोरी सोडत नाहीत.

त्या वहीची किंमत सांगतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ही आमची शिफारस. पण पडला किती, हे ठरवतो कोण? सरकारी दप्तरात महसूल मंडळाचा आकडा. मंडळाच्या गावात ढग फुटावा आणि पाच मैलांवरच्या शिवारात धूळ उडावी, असा आपला पाऊस. पंचनाम्याला त्या वहीचा कागद चालत नाही, हे मान्य. पण चाड्यावर मूठ कधी धरायची, हे ठरवायला गावात दुसरा कुठला आकडा आहे? दुबार पेरणीचं बियाणं आणि खत कुणाच्या खिशातून जातं?

आता दुसरी बाजू. मेजरची सगळीच मतं मला पटत नाहीत. “एक वर्ष गाव फौजेच्या ताब्यात द्या, सरळ होतंय का नाही बघा,” हे एक. “फुकट देऊन देऊन शेतकरी आळशी केला,” हे दुसरं. मी त्यांना तोंडावर म्हणालो, “मेजर, तुमची पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते. कोरडवाहू सोयाबीनला पगाराची तारीख नसते. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पाण्यानं माती खरवडून नेली, तो शेतकरी आळशी होता का?” गप्प बसले. दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं.

फौजी माणसाला आपल्याकडं मान आहे, तो हुकुमामुळं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूरकडच्या जुन्या माणसांना विचारा. ढिगारे उपसायला आलेले जवान त्यांना आठवतात. मान आला तो त्या हातांमुळं.

हीच गोष्ट राळेगणसिद्धीची. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं ते गाव. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर ट्रक चालवणारे अण्णा हजारे १९७५ च्या सुमारास फौज सोडून तिथं परतले. पाऊस कसाबसा ४०० ते ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा कमी. गावात दारूच्या भट्ट्या. मतं त्यांच्याकडंही भरपूर होती, पण त्यांनी आधी स्वतःचे पैसे घालून यादवबाबांचं मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त केलं आणि मग पाण्याच्या कामाला श्रमदान मागितलं. करमणुकीचं म्हणाल, तर होळीत बिडी-तंबाखू जाळली. लग्नासाठी भांडी, मांडव, लाउडस्पीकर तरुण मंडळानं विकत घेतले, वाढायलाही मंडळाचीच पोरं. गावचा भोंगा गावच्याच मालकीचा! आमच्या मेजरना हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, “खरं?”

पण राळेगणात दारुड्यांना खांबाला बांधून फौजी पट्ट्यानं मारल्याचंही सगळ्यांना माहीत आहे, आणि अण्णांनीही ते लपवलं नाही. माझं मत विचाराल तर ते चुकीचं होतं. पट्टा मारणारा गावात आहे तोवर दारू बंद. तो म्हातारा झाला की पुढं काय? महाराष्ट्रात २००८ च्या शासन आदेशानं परवान्याचं दुकान बंद करायला बायकांच्या हाती मत दिलंय. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. (चोरून चालणारी भट्टी हा पोलिसांचा विषय, त्याला मतदान लागत नाही.) हा रस्ता लांबचा, चार बायांच्या दारात दहादा जावं लागतं. पण त्यात कुणाच्या पाठीवर वळ उठत नाहीत. आणि पुढं अण्णांनीही ग्रामसभेच्या अधिकारासाठीच उपोषणं केली, हे विसरू नका.

मुद्दा इथंच आहे. आमचे मेजर ग्रामसभेला जात नाहीत. विचारलं तर म्हणाले, “तिथं सभा कुठं असते? रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं.” बऱ्याच गावांत हे खरं आहे आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माझ्यावर रागावू नये. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यात जी संख्या कमी असेल ती. पारावर आणि चहाच्या टपरीवर मिळून यापेक्षा जास्त माणसं रोज बसतात. तिथं ‘कामं निकृष्ट झाली’ म्हणून बोललेलं वाऱ्यावर जातं. तेच ग्रामसभेत बोललं तर इतिवृत्तात लिहावं लागतं. आणि मेजर, तुम्हालाही सांगतो. २०२० पासून माजी सैनिकांना ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ आहे. गावानं तेवढं केलंय, तर वर्षातल्या चार सभांना गावाला तुमचे चार दिवस द्या. मात्र तिथं हुकूम चालणार नाही. समोरच्याचं ऐकावं लागेल, त्यात बाया बोलतील, ज्याला तुम्ही आळशी म्हणता तोही बोलेल.

सरपंचांना माझी विनंती एवढीच. पुढच्या सभेची नोटीस फळ्यावर चिकटवून थांबू नका. मेजरच्या घरी माणूस पाठवा, पावसाची वही घेऊन यायला सांगा आणि विषयपत्रिकेवर पहिल्या विषयालाच ती वाचायला लावा. नाल्यातल्या गाळाचा विषय त्याच्या खालीच घ्या, म्हणजे जत्रेच्या वर्गणीचा हिशोबही आपोआप निघेल.

मी आमच्या मेजरना हे सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “येतो की. पण साहेब, सभा दहाची म्हणजे दहालाच ना?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते ग्रामपंचायतीनं द्यायचं आहे.