अर्थिंगचा अनर्थ

गाडीचं इंजिन बदललं की पुढचे दोन-तीन महिने सगळं खापर त्या इंजिनावरच फुटतं. सेल्फ जड फिरतो? इंजिन घट्ट असेल. लाईट मंद होतात? "जुन्या बाजारातलं इंजिन, दुसरं काय होणार!" माझं मत जरा वेगळं आहे. अशा वेळी सगळ्यात आधी अर्थिंग तपासून घ्यावं, आणि तपासणीचे पैसे मिस्त्रीला कुरकुर न करता द्यावेत. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, पण त्याकडे नंतर येतो.

आमच्या महाड-पोलादपूरकडे इंजिन बदलणं २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ओळखीपाळखीत ऐकू यायला लागलं. सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. मग पुष्कळदा दुसरं इंजिन टाकणंच परवडतं.

पोलादपूरच्या माझ्या मामाच्या जीपचं तेच झालं. इंजिन बदललं आणि त्रास सुरू झाला. आधी बॅटरी नवी घेतली, मग सेल्फ उघडून बघितला, मग अल्टरनेटर बदलला. तरी सकाळी सेल्फ कण्हायचा आणि आंबेनळी घाटात रात्री हेडलाईट मिणमिणायचे. पावसाळ्यात धुक्यात त्या वळणांवर लाईट जाणं म्हणजे काय, हे त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याने मामाला दोन-तीनदा सेल्फ मारायला लावला आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावून पाहिला. केबल चांगलीच गरम! "भाऊ, इंजिनाला अर्थच मिळत नाही," तो म्हणाला.

गोष्ट साधी आहे. बॅटरीचं मायनस टोक चेसीला जोडलेलं असतं. पण इंजिन बसतं फाउंडेशनच्या रबरांवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन ते चेसी अशी एक जाड पट्टी वेगळी लावतात. इंजिन बदलताना ती लावायची राहते, किंवा रंगावर, गंजावर तशीच आवळली जाते. मग सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची बिचारी केबल तापते.

हे मीटरने पाच मिनिटांत कळतं. मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचं आणि सेल्फ मारायला सांगायचं. पाव व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगमध्ये घोळ आहे. मामाच्या जीपला दोन व्होल्टच्या आसपास आला होता! नुसता ओहम बघून चालत नाही, कारण मीटर अगदी थोडा करंट सोडतो आणि एका तारेवर लोंबणारी वायरसुद्धा पास होते. सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल तर ०.०१ ओहमचा अडथळाही १२ पैकी २ व्होल्ट खातो.

पूर्वी पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायची पद्धत होती. डिझेलचा सेल्फ जास्त करंट मागतो, पण जुनी बारीक वायर तशीच राहायची. तरी ती इंजिनं सुरू झाल्यावर विजेवाचून चालायची. आताच्या इंजिनात सेन्सर आणि कॉम्प्युटर असतो. अर्थिंग हललं की त्याला मिळणारे आकडेच चुकतात, आणि आपण मात्र एकेक सेन्सर बदलत बसतो.

आता दुसरा भाग. रंग खरवडून, पॉलिश पेपर मारून त्या वायरिंगवाल्याने नवी पट्टी लावली. मामाने बॅटरी आणि अल्टरनेटरचे हजारो रुपये निमूट मोजले होते. या माणसाशी मात्र तो घासाघीस करत बसला, "एवढ्याशा पट्टीचे एवढे?" माझ्या मते खरा बिघाड इथे आहे. आपण वस्तूला पैसे देतो, डोक्याला देत नाही. मग मिस्त्री तरी कशाला मोजमाप करत बसेल? पार्ट बदलला की बिल होतं, आणि दोष सापडला की गिऱ्हाईक भांडतं. मिस्त्री लबाड असतात असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ही सवय त्यांना आपणच लावली आहे.

तेव्हा मंडळी, इंजिन बदललं असेल तर पेणच्या आर.टी.ओ.त नवा इंजिन नंबर आर.सी.वर चढवून घ्या, आणि गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी सांगा, "आधी मोजा, मग बदला. मोजण्याचे पैसे वेगळे देतो." नवी बॅटरी घेण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतं.