वडिलांची फियाट आणि भरवशाचा मिस्त्री



वडील गेल्यावर घराच्या, शेताच्या तुकड्याच्या वाटण्या कशा कराव्यात यावर आपण पुष्कळ बोलतो. दारात उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारीचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. आपल्या माणसांच्या दारात मोटार कुठली, असे म्हणाल. आमच्या दारात आहे. १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, तोंडात मात्र फियाटच. गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली तरी घरात कळावे.

आमचे कालकथित वडील एस.टी.त ड्रायव्हर. १९९३ साली फंडातून पैसे काढून त्यांनी ही गाडी जुनी घेतली. वस्तीतल्या किती लेकीबाळी रात्री-अपरात्री या गाडीतून सीपीआरला बाळंतपणाला गेल्या, त्याचा हिशेब नाही. वडील गेले आणि सहा महिने गाडी ताडपत्रीखाली बसून राहिली. धाकटे बंधू म्हणाले, भंगारात देऊ. आईने एवढेच विचारले, "ज्या गाडीतून तुमच्या बहिणीची पाठवणी झाली, ती किलोवर इकणार व्हय?" विषय संपला. दुरुस्ती करायची ठरली. कारकुनाच्या पगारात ती बसवायची कशी, हा प्रश्न आमचा.

कोल्हापूरकराला जुन्या गाडीचे कौतुक शिकवावे लागत नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची १९३६ सालची मेबॅक येते, तेव्हा पोरेटोरे सोने लुटायचे विसरून गाडीकडे बघत राहतात. पण ती राजवाड्याची गाडी. आपल्या फियाटला वाली कोण? कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची बंद होऊन दोन तपे उलटली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. कंपनीचा नवा सुटा भाग आता मिळत नाही. जुना साठा शोधायचा, नाहीतर दुसऱ्या गाडीचा काढायचा. आजचे तरुण मेकॅनिक हुशार आहेत, पण त्यांचे कॉम्प्युटरचे यंत्र जोडायला या गाडीत जागाच नाही. इथे पॉइंट घासावे लागतात, कार्बोरेटर खोलावा लागतो.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, एकदा चालू करून धूर बघितला आणि सांगितले, "इंजिनकाम. साठ हजार." कशावरून, असे विचारले तर, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आम्ही गाडी ओढून परत आणली. ज्याला प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडे वस्तू ठेवू नये, हे आम्ही संस्थेच्या हिशेबात शिकलो आहोत.

मग वडिलांच्या बरोबरीचे, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका भेटले. त्यांनी युक्ती सांगितली. गॅरेजवाल्याला गॅरेजबद्दल विचारू नका, लेथवाल्याला विचारा. कुठला मिस्त्री माप घेऊन काम आणतो आणि कुणाचे काम चार वेळा परत येते, हे लेथवाल्याइतके कोणाला ठाऊक नसते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात हात चालणारी माणसे संपलेली नाहीत. उद्यमनगरात तीन लेथवाल्यांना विचारले. दोघांनी एकच नाव घेतले.

ते चाचा सत्तरीला टेकलेले. पाटी नाही, टपरीवजा शेड. त्यांनी आधी चारही प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. तिसऱ्यात दाब कमी. मग प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडले आणि पुन्हा मोजले. आम्हाला जवळ बोलावून म्हणाले, "दाब वाढला असता तर रिंगा गेल्या म्हणायचं. वाढला न्हाई. म्हंजे वॉल बसत न्हाई, नायतर गॅस्केट. हेड उतरू, इंजिन कशाला फोडायचं?" अर्ध्या तासाचे काम. तेवढे केल्याशिवाय कोणी साठ हजार सांगितले, तर हात जोडून बाहेर पडावे.

व्हॉल्व्ह घासणे, गॅस्केट, ब्रेकचे रबर, सगळे मिळून चौदा हजार. चाचांनी वहीच्या कागदावर लिहून दिले. पेट्रोलचे जुने पाइपही बदलायला लावले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, ते जुन्या रबराला सोसत नाही आणि गळती म्हणजे आग, असे त्यांचे म्हणणे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून त्यांनी परत दिला. गाडी कुठेही टाकण्याआधी इंजिन नंबर लिहून ठेवा, कार्बोरेटर, डायनॅमो, बंपर यांचे फोटो काढा. जुन्या अस्सल मालाला गिऱ्हाईक असते आणि तो कधी बदलला गेला, हे कळतही नाही.

कागदाचे काम आधी उरका. मालक वारल्यावर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. आमच्या आर.टी.ओ. एजंटाने बहिणीची सही "नुसती घेऊन टाका" म्हटले. नुसती कशी? वडिलांच्या स्वकष्टाच्या वस्तूत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, हे १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे. बहिणीला गाडीची किंमत, खर्च सगळे समजावून सांगितले, मग तिने सही केली.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली आहे. दुरुस्तीच्या हिशेबात ती धराच. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते म्हणतात, ते २०२१ च्या नियमांनुसार खरे आहे, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. शिवाय ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोज वापरायची नाही. आम्हाला तर ती वापरायचीच आहे.

गेल्या रविवारी गाडी घरी आली. आईला घेऊन रंकाळ्याला एक चक्कर झाली. चाचांनी बजावले आहे, पाचशे किलोमीटर झाल्यावर परत आणा, हेडचे बोल्ट आणि टॅपेट तपासायचे आहेत. त्याचे पैसे ते घेणार नाहीत म्हणतात. आम्ही देणार आहोत.