यकृताच्या रुग्णाची जखम

सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृताच्या निरोगी ऊतींची जागा कठीण व्रणऊतींनी घेतल्यावर, आतड्यातून रक्तात उतरणारे जंतू गाळण्याची यकृताची क्षमता ढासळते, आणि पोटात साठलेल्या पाण्यात आतड्याला छिद्र पडलेले नसतानाही जंतुसंसर्ग होऊ शकतो. हा संसर्ग फसवा असतो. ताप येईलच असे नाही, रक्तदाब मुळातच कमी असतो, त्यामुळे किंचित गुंगी किंवा घटलेली लघवी एवढीच खूण मिळते आणि तोवर सेप्टिक शॉक, म्हणजे सलाईन देऊनही रक्तदाब न सावरण्याची अवस्था, येऊन ठेपलेली असते.

अलिबागच्या किनाऱ्यावर यात आणखी एका धोक्याची भर पडते. ओहोटीला खडकांवरची कालवे काढताना धारदार शिंपल्याने बोट कापणे नित्याचे आहे. पण कोमट खाऱ्या पाण्यात वाढणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू अशा जखमेतून किंवा कच्च्या कालवांतून सिरोसिसच्या रुग्णाच्या शरीरात शिरला, तर एक-दोन दिवसांत कातडीवर रक्ताळ फोड उठून जीव धोक्यात येतो. कालवे शिजवूनच खाण्याची कोकणी रीत म्हणूनच मोलाची आहे. हाताच्या जखमेकडे मात्र दुर्लक्षच होते.

पोटातील संसर्ग ओळखण्यासाठी तिथले पाणी सुईने काढून तपासता येते, आणि त्यात दर घनमिलिमीटरला २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आढळल्यास कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, अहवालासाठी न थांबता प्रतिजैविक सुरू करायचे असते. ही तपासणी जिल्हा रुग्णालयात रात्रीही झाली पाहिजे, आणि रुग्णाला वडखळमार्गे मुंबईला हलवायचे ठरले तरी पहिला डोस अलिबागलाच मिळाला पाहिजे.