पोकळी म्हणजे अभाव नव्हे

शून्यातून वस्तू निर्माण होऊ शकते हे भौतिकशास्त्राने सिद्ध केले आहे, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. त्यासाठी तीन दाखले पुढे केले जातात: निर्वातात उमटणारे कण, अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी १९८२ मध्ये मांडलेली विश्वजन्माची कल्पना आणि विश्वाची एकूण ऊर्जा शून्य असण्याची शक्यता. तिन्हींतून हा निष्कर्ष निघत नाही.

निर्वात आधी तपासावा. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने काठोकाठ भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, की पारा थोडा उतरतो आणि वर पोकळी राहते. समुद्रकाठी हा स्तंभ सुमारे ७६ सेंटिमीटर भरतो. बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाऱ्याचा स्तंभ सत्तर सेंटिमीटरच्या आसपास राहतो. वरच्या पोकळीत हवा नसते. पण तिच्यातून प्रकाश आरपार जातो, चुंबकाचा प्रभाव पोहोचतो, पाऱ्याची किंचित वाफही तिथे असते. हवा गेली तरी अवकाश आणि क्षेत्रे जागच्या जागी आहेत. पुंजसिद्धांतातला निर्वात म्हणजे या क्षेत्रांची किमान ऊर्जेची अवस्था. तिच्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टिकाऊ जोडी हवी असेल, तर किमान १.०२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरवावीच लागते.

व्हिलेंकिन यांच्या मांडणीत आधीचा अवकाश आणि काळ नाहीत, हे खरे. पण पुंजयांत्रिकीचे नियम गृहीतच धरलेले आहेत. एकूण ऊर्जेच्या युक्तिवादाचेही तसेच: खतावणीत जमा आणि नावे सारखे आले म्हणजे व्यवहारच झाला नाही, असे कोणी म्हणत नाही.

या वादात कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे काम फार मोलाचे आहे. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी मांडलेल्या स्थिरस्थिती सिद्धांतात विश्व प्रसरण पावूनही त्याची घनता कायम राहते. म्हणजे नवे द्रव्य सतत निर्माण झाले पाहिजे. ते येते कुठून, हा आक्षेप रास्तच होता. हॉइल आणि नारळीकर यांनी १९६० च्या दशकात त्याला ऋण ऊर्जेच्या ‘सी-क्षेत्रा’ने उत्तर दिले: द्रव्य जन्मते तेव्हा क्षेत्राची ऊर्जा तेवढीच अधिक ऋण होते आणि बेरीज टिकते. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण सापडल्यावर हा सिद्धांत मागे पडला. तरीही ज्याच्यावर शून्यातून निर्मितीचा आरोप सर्वांत सहज होऊ शकला असता, त्यानेच ती वाट नाकारली.

तर्कशास्त्राकडे वळले की दुसरी बाजूही तितक्याच कठोरपणे तपासावी लागते. ‘अभावातून भाव संभवत नाही’ हा तर्काचा नियम नाही. कारणाविना आरंभ झाला, असे म्हणण्यात आत्मविरोध नाही. डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात हे दाखवले. मात्र अभावाला उपादान, म्हणजे वस्तू ज्यापासून घडते ते द्रव्य, मानणे वेगळे. नैयायिक असत्कार्यवादी: उत्पत्तीपूर्वी घट नसतो, असे ते म्हणतात. पण त्याच दमात घटासाठी समवायी कारण, म्हणजे घट ज्यांच्या जोडणीतून बनतो ती कपाले, मागतात. शिवाय अभाव नेहमी कशाचा तरी असतो, घटाचा किंवा पटाचा. कार्य कारणात आधीपासूनच असते असे मानणाऱ्या सत्कार्यवादी सांख्यांशी त्यांचा कडाक्याचा वाद होता, तरी उपादानाविना कार्य दोघांनाही मान्य नाही.

यातून उभी राहणारी भूमिका अशी: भौतिकशास्त्र एका अवस्थेतून दुसरी अवस्था कशी येते हे सांगते. संपूर्ण अभाव ही अवस्थाच नसल्याने तिथून निघणारे समीकरण लिहिता येत नाही. निष्कारण आरंभ तर्काला शक्य आहे, पण प्रयोगाने तो दाखवता येणार नाही. कारण प्रयोगाला उपकरण, अवकाश आणि नियम आधीच लागतात.