सील नवे, खाच जुनीच



युनियनच्या कामासाठी तिरुचिरापल्लीला जाणे झाले. तेथील गोल्डन रॉक रेल्वे कारखान्यातील एक सहकारी मला दुसऱ्या दिवशी कुंभकोणमला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या मेहुण्यांचा भाताची पोती वाहणारा जुना ट्रक गॅरेजमध्ये उभा होता, म्हणून आम्हीही तेथे गेलो. मी मूळचा डिझेल शेडचा फिटर. मॅट्रिकपुढे शिकलो नाही, पण उघडलेले इंजिन दिसले की पाय थांबतात. मला तमिळ येत नाही. परंतु गॅरेजमधल्या हेल्परच्या घरी अजून तंजावरी मराठी बोलतात. तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले, भाषा मात्र टिकली. तोच आमचा दुभाषी झाला.

ट्रकची तक्रार साधी होती. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळून क्लच प्लेटवर जायचे आणि भरल्या गाडीत क्लच घसरायचा. आधीच्या गॅरेजात वर्षभरात तीन वेळा ऑइल सील बदलले होते. दर वेळी गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवायचे, नवे सील ठोकायचे, आणि दोन महिन्यांत गळती पुन्हा हजर! तिसऱ्या वेळी सर्वांनी मिळून दोष दिला तो हेल्परला. ‘तूच सील वाकडे बसवलेस’ म्हणून त्याची चार दिवसांची मजुरी कापली. तो हेल्पर म्हणजे हाच आमचा दुभाषी.

नव्या गॅरेजच्या वृद्ध मिस्त्रींनी सीलला हात लावण्याआधी क्रँकशाफ्ट पुसला आणि त्यावरून नख फिरवले. नख अडकले. सीलची रबरी कड जेथे टेकते, नेमकी तेथे खाच पडली होती. रबराने पोलाद कसे झिजते, असे कोणी विचारील. तेलातली काजळी आणि रस्त्याची बारीक धूळ त्या कडेत रुतून बसते आणि पॉलिश पेपरसारखी शाफ्टला घासत राहते. नवे सील पुन्हा त्याच खाचेवर बसते. ते गळणारच. त्यात हेल्परचा दोष कोणता?

याला इलाज आहेत. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून त्याची कड कोऱ्या पृष्ठभागावर आणता येते. तेल परतण्याचे भोक मात्र झाकले जाता कामा नये. नाहीतर शाफ्टवर सुमारे पाव मिलिमीटर जाडीची पोलादी स्लीव्ह चढवतात. ती इतकी पातळ असते की बहुधा जुन्याच मापाचे सील चालते. खाच खोल असेल तर आधी ती भरून घ्यावी लागते. शाफ्ट फारच झिजला असेल तर क्रँक उतरवून, धातूचा थर चढवून ग्राइंडिंग करावे. हाताने पेपर मारून खाच घालवण्याचा शॉर्टकट नको. तिरप्या रेघा उमटल्या तर त्याच तेल बाहेर ढकलतात. शिवाय इंजिनाचा ब्रीदर तुंबला आहे का आणि मेन बेअरिंग ढिले आहे का, हे पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये. मिस्त्रींनी हे सर्व तपासले आणि मग स्लीव्ह बसवली.

मालकाचे म्हणणेही ऐकले. गाडी उभी राहिली की भाडे बुडते, हप्ता चुकतो. हे खरे आहे. पण तीनदा गिअरबॉक्स उतरवण्यात जितके दिवस गेले, त्याच्या कितीतरी कमी वेळात एकदाच नीट मोजमाप झाले असते. घाईचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून गेला? ज्याला मोजायला ना वेळ दिला, ना मायक्रोमीटर, त्याच्या.

मित्रांनो, आपल्याकडेही हेच चालते. काम बिघडले की कंत्राटी माणूस बदलतात. नवा माणूस त्याच अपुऱ्या वेळात, त्याच मोडक्या हत्यारांनी काम करतो आणि तोही नापास ठरतो. माणसे सीलसारखी बदलायची आणि खाच तशीच ठेवायची, यालाच व्यवस्थापन म्हणतात काय?

म्हणून माझे म्हणणे असे. एकाच जागी दुसऱ्यांदा गळती झाली तर मापे घेऊन ती जॉब कार्डावर लिहिल्याशिवाय कोणाही कामगाराची मजुरी कापता कामा नये. हा नियम शेडमध्ये हवा आणि गॅरेजातही हवा. दुसरे, अनुभवाने शिकलेल्या कामगाराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत झाली. त्या हेल्परने तिचे नावही ऐकले नव्हते. असंघटित गॅरेज कामगारांपर्यंत अशी माहिती पोहोचवणे हे आपल्यासारख्या संघटित कामगारांचे कर्तव्य आहे, कारण दहा वर्षे काम करूनही ‘अकुशल’ म्हणूनच मजुरी घेणारे हात आपलेच आहेत.

निघताना मिस्त्रींनी त्या पोराला जवळ बोलावले आणि जुन्या खाचेवरून नख कसे फिरवायचे हे त्याने आम्हाला ज्या उत्साहाने सांगितले, ते पाहून वाटले, त्याची कापलेली चार दिवसांची मजुरी त्याला परत मिळायला हवी. ती अजून मिळालेली नाही.