कोर्टाची पायरी

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. माझा तर गेली तीस वर्षे त्याच पायरीवर संसार चालला आहे. तेव्हा मी शहाणा की वेडा, हा प्रश्न आमच्या घरी अधूनमधून निघतो. असो. दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटाशेजारी कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. पण वाचकहो, पार्ट्यांचे दिवस आणि नाकाबंदीचे दिवस नेमके एकाच वेळी येतात, म्हणून हा विषय आजच काढला.

पूर्वी आपल्या पांढरपेशा मंडळींना कोर्ट माहीत होते ते घरमालकाच्या दाव्यामुळे, फार तर भाऊबंदकीमुळे. फौजदारी कोर्टाच्या बाजूने आपण जातसुद्धा नव्हतो. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी 2007 सालापासून मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम उघडली आणि तेव्हापासून सुशिक्षित, मिळवता, आईबापांचा लाडका असा एक नवाच आरोपी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात दिसू लागला. तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “दंड कुठे भरायचा? मला अकरा वाजता ऑफिसला पोचायचं आहे.”

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांच्या चिरंजीवांचेही असेच झाले. त्यांच्या परवानगीने, नावगाव वगळून सांगतो. रात्री पाऊण वाजता मास्तरांचा फोन आला. चिरंजीव ऑफिसच्या पार्टीहून स्कूटरवर परतत होते. तोंडात वेलची होती. पण यंत्र तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून येणारी हवा मोजते. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले की मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाचा गुन्हा झाला. चिरंजीवांचा आकडा 68 होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळीच आले. चहा तसाच निवत ठेवून म्हणाले, “वकीलसाहेब, अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर सुटका होते म्हणे. याची अडीच तासांनी झाली.”

मी म्हटले, “मास्तर, सुटका होते ती कोठडीतून. खटल्यातून नव्हे.”

“मग यंत्रात फुंकायलाच नकार दिला असता तर?”

“तर तो नकारच खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहिला असता.”

हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. तो कोर्टातच न्यावा लागतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 15,000 रुपये, किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरल्यावर किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवण्याचा हुकूम कोर्टाने करायचाच असतो. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे त्या रात्री माणूस घरी येतो आणि घरच्यांना वाटते, संपले एकदाचे. खरे म्हणजे तेव्हा कुठे सुरुवात झालेली असते.

चिरंजीवांना मी एकच विचारले, “कागदावर लिहिले आहे ते खरे की खोटे?” पोरगा खाली मान घालून म्हणाला, “खरे आहे, काका.” खोटे असते तर लढलो असतो. पोलिसाची, डॉक्टरची उलटतपासणी असते, यंत्राच्या कागदावरची वेळ, नाव, सही, सगळे तपासता येते. त्याला तारखांवर तारखा लागतात, पण तो आरोपीचा हक्क आहे आणि निरपराध माणसाने तो सोडू नये. खरे असेल तर कबुलीचा रस्ता आहे. मात्र कबुली म्हणजे नुसता दंड भरणे नव्हे, ती दोषसिद्धी आहे. आणि कबुलीनंतर अपील करायचे तर ते बहुधा शिक्षा कमी करा किंवा ती कायद्याला धरून नाही, एवढ्यापुरतेच चालते. हे समजावून न सांगता “हो म्हणून टाका” असा सल्ला देणारे कोर्टाच्या फाटकाशी पुष्कळ भेटतात. त्यांच्या हाती पैसे देऊ नका.

तारखेला आम्ही दहा वाजताच हजर झालो. अकरा वाजता साहेब आले, पट्टेवाल्याने पुकारा केला, पोरगा उभा राहिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोप समजावून सांगितला आणि विचारले, “गुन्हा कबूल आहे?” बाहेरच्या बाकावर त्याची आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिने सकाळपासून मला तीनदा विचारले होते, “तुरुंगात नाही ना हो पाठवणार?” मी तिला नाही असे सांगू शकलो नव्हतो, कारण ते वकिलाच्या हाती नसते. शिक्षा झाली ती 10,000 रुपये दंड, कोर्ट उठेपर्यंत कैद आणि सहा महिने परवाना बंद. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचे. त्या दिवशी त्या बाकावर आईने आणलेला डबा कोणीच उघडला नाही.

कायदा इतका कडक का, असे मास्तरांनी विचारले तेव्हा मी त्यांना कार्टर रोडची आठवण दिली. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे बांद्र्याच्या त्या रस्त्यावर एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात माणसे गेली, आठ जखमी झाली. चालवणारा तरुण दारू प्यायला होता. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची सजा कायम केली. घरातून निघताना त्यानेही कुणाला मारायचे ठरवले नव्हते.

मास्तरांची खरी चिंता मात्र निराळीच होती. चिरंजीवांचे लग्न ठरत आले होते. “मुलीकडे बोलायला नको,” असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हटले, “खटल्यांची माहिती आता संगणकावर असते, नाव घालून कोणीही पाहील. आणि कोणी पाहणार नसले, तरी सांगणे बरे.” शेवटी पोरगा स्वतःच गेला आणि सारे सांगून आला. मुलीच्या वडिलांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग एवढेच विचारले, “त्या रात्री मागे कोणी बसले होते?”

“नाही.”

“उद्या माझी मुलगी बसणार आहे.”

लग्न झाले. परवाना परत मिळाला, तोवर चिरंजीव लोकलने हिंडले.

तेव्हा वाचकहो, घरात असा प्रसंग आलाच तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. पोलिसांशी हुज्जत घालू नका, आणि ‘ओळख’ काढू नका. मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवा. तारीख चुकवू नका, गैरहजेरीने वॉरंट निघते आणि साधी गोष्ट अवघड होते. वकिलाला खरे सांगा. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. प्यालेल्या चालकाच्या गाडीचे नुकसान भरून देण्यास विमा कंपनी नकार देऊ शकते, हेही विसरू नका.

आणि सर्वांत स्वस्त सल्ला असा, की पार्टीला जाताना टॅक्सीचे भाडे आधीच निराळ्या खिशात घालून ठेवावे. कोर्टाच्या पायरीपेक्षा टॅक्सीची पायरी चढणे केव्हाही सोपे. दिवाळी सुखाची जावो, आणि घरातले प्रत्येक माणूस रात्री वेळेवर घरी येवो!